हिरव्या दाढीचे राष्ट्राध्यक्ष

मिरजेच्या गोदावरीबाई, त्यांची लेक अंबूताई, अंबूताईंची लेक शशी आणि शशीची लेक नंदा, अशा चार पिढ्यांत ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून बाहेर पडल्याचे ऐकिवात नाही. गोदावरीबाईंना एका गोऱ्या अंमलदाराने कोल्हापूरचा रस्ता विचारला, तेव्हा त्यांनी हातातल्या पळीने जी दिशा दाखवली, तिने तो बिचारा घोड्यासकट नेमक्या उलट्या बाजूच्या जतला जाऊन पोहोचला. “त्याला मनातून कोल्हापूरला जायचंच नव्हतं,” एवढाच खुलासा बाईंनी जन्मभर केला. अंबूताईंकडे सारी आळी औषध विचारायला येई आणि मुरगळलेल्या पायापासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळ्यावर त्या ओवा देत. शशीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत. व्होल्गा नदी कुठे जाऊन मिळते, या प्रश्नाला त्यांनी “समुद्राला” असे ठाम उत्तर दिले आणि “कोणत्या?” असे विचारणारीला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे केले.

हा वारसा नंदाताईंनी उत्तर लंडनमधल्या एजवेअरला मुलाकडे कायमचे राहायला येतानाही खाली ठेवला नाही. मुलगा पुष्कर एका बँकेचे संगणक सांभाळी, सून नीना शाळेत गणित शिकवी आणि नात अक्षया बारा वर्षांची होती; तिच्या मराठीत बहुतेक सगळे पुल्लिंगीच असे. तिघांनाही अनुभवाने ठाऊक झाले होते की आईंना काही विचारले तर उत्तर मिळतेच. ते बरोबर असते की नाही, हे ज्याचे त्याने नंतर पाहून घ्यायचे.

एकदाच हा वारसा अंगाशी आला होता, पण ते घरात कुणाला कळले नव्हते. एजवेअरमधल्या पहिल्याच हिवाळ्यात “वेम्बलीला जाऊन भाजी आणते, रस्ता मला पाठ आहे” असे सांगून नंदाताई बसमध्ये बसल्या आणि वॉटफर्डला उतरल्या. वॉटफर्ड नेमके उलट्या दिशेला आहे. फोन घरी चार्जिंगला होता, आकाशातून बर्फमिश्रित पाऊस पडत होता, आणि ‘मी हरवले’ असे कुणाला सांगावे, तर तशी त्या घराण्याची रीत नव्हती. त्या बसथांब्यावर ताठ उभ्या राहिल्या. दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या शेजारच्या मिसेस डॉसन यांना त्या तशा दिसल्या. डॉसनबाईंनी एक शब्द विचारला नाही. गळ्यातली लोकरी पट्टी काढून नंदाताईंच्या गळ्यात घातली, गरम चहा पाजला आणि हाताला धरून घरी आणले. दारात पुष्कर काळजीने पांढरा पडून उभा होता.

“माफ करा,” डॉसनबाई त्याला म्हणाल्या. “तुमच्या आईंना मीच चहाला अडवून ठेवलं. चूक सर्वस्वी माझी.”

त्यानंतर वॉटफर्डचे नाव दोघींनीही काढले नाही. नंदाताई दर दिवाळीला डॉसनबाईंना चकल्यांचा डबा भरून देत. पण चकल्यांनी असले ऋण फिटत नसते, हे त्या मनातल्या मनात जाणून होत्या.

यंदा जूनमध्ये, एका सकाळी, डॉसनबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

“नंदा, गेल्या दिवाळीत तुम्ही नातीसाठी पुढच्या बागेत डोंगर केला होता ना?”

“डोंगर नव्हता, किल्ला होता.”

“तोच. तसला एक मला हवा आहे. फक्त त्याच्यावर चार माणसांचे चेहरे हवेत. अमेरिकेचे सर्वांत थोर चार राष्ट्राध्यक्ष. जमेल तुम्हाला?”

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी एकही समोर येऊन उभा राहिला असता, तर नंदाताईंनी त्याला पार्सल घेऊन आलेला माणूस समजून सही केली असती. पण त्या म्हणाल्या, “त्यात काय जमायचंय?”

प्रकरण असे होते. चार जुलैला अमेरिकेला स्वतंत्र होऊन अडीचशे वर्षे पूर्ण होत होती. ज्यांच्या तावडीतून ती सुटली, त्याच लोकांच्या गल्लीत तो वाढदिवस साजरा करायचे घाटत होते. गल्लीच्या टोकाला रहिवाशांचा एक हॉल आहे आणि त्याच्या किल्ल्या तीस वर्षे डॉसनबाईंच्या पर्समध्ये आहेत. त्यांचे दिवंगत यजमान हॅरल्ड हे ओहायोचे. त्यामुळे अमेरिकेसंबंधी काहीही असले की गल्ली डॉसनबाईंकडे पाही. वास्तविक त्या अमेरिकेत एकदाच पंधरा दिवस जाऊन आल्या होत्या आणि ते पंधराही दिवस सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गेले होते. सासूकडे काढलेल्या दिवसांत इतिहास शिकून होत नाही, हे नंदाताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“हा कार्यक्रम नीट पार पडायला हवा,” डॉसनबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “हिवाळ्यात माझ्याकडून एकदा हॉलचा हीटर रात्रभर चालू राहिला. तेव्हापासून रहिवासी संघाचे मिस्टर क्रॉली मागे लागलेत. दाराला आकडे दाबायचं कुलूप बसवू म्हणतात. म्हणजे किल्ल्या नकोत आणि मीही नको. ‘विनिफ्रेड, तुमचं आता वय झालं, गोष्टी लक्षात राहत नाहीत,’ असं चारचौघांत म्हणाले. आता काही घोटाळा झाला की त्यांना निमित्तच मिळेल.”

हे बोलताना त्यांचा हात पर्सवर होता. नंदाताईंनी तो हात पाहिला. मिरजेच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी स्वतःच्या कमरेला पस्तीस वर्षे वागवला होता. तो सोडून विमानात बसताना कमरेला केवढे हलके वाटले होते, आणि ते हलकेपण किती वाईट होते, हे त्यांनी पुष्करलाही सांगितले नव्हते.

“क्रॉलींना कुलूप त्यांच्या स्वतःच्या तोंडाला बसवायला सांगा,” त्या म्हणाल्या. “डोंगर मी करते.”

आता थोर चार कोण, हा प्रश्न आला. डॉसनबाईंनी ठरवले की ते गल्लीनेच सांगावे. त्याप्रमाणे एका शनिवारी हॉलसमोर दोन घडीच्या खुर्च्या मांडून दोघी बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारू लागल्या. अमेरिकेच्या इतिहासाचे ज्ञान गल्लीत भरपूर होते. फक्त ते अमेरिकेचे असेलच असे नव्हते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चर्चिल यांचे नाव दिले आणि ते मागे घ्यायला नकार दिला. कुत्रा फिरवणाऱ्या एका तरुणाने दूरदर्शनच्या मालिकेतला राष्ट्राध्यक्ष सांगितला. रूझवेल्ट पुष्कळांनी सांगितले, पण रूझवेल्ट दोन झाले, त्यांतला कोणता, असे विचारल्यावर प्रत्येकाला घरी काहीतरी गॅसवर ठेवल्याचे आठवले.

कोपऱ्यावरचे दुकानदार रमणिकभाई म्हणाले, “मासी, शंभर डॉलरच्या नोटेवर जो आहे ना, तोच मोठा. मोठा नसता तर ठेवला कशाला असता?”

“त्याचं नाव काय?”

“फ्रँकलिन.”

युक्तिवाद बिनतोड होता. पाठोपाठ संघाचे खजिनदार मिस्टर क्रॉली आले. छाती काढून चालणारा, चष्मा कपाळावर ठेवणारा हा गृहस्थ. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“फ्रँकलिन. प्रश्नच नाही. तसा राष्ट्राध्यक्ष पुन्हा झाला नाही.”

“माझा हॅरल्डही त्याचंच नाव घ्यायचा,” डॉसनबाई कौतुकाने म्हणाल्या. मग त्यांनीच निकाल दिला की वॉशिंग्टन, लिंकन, चष्मेवाले रूझवेल्ट आणि फ्रँकलिन, हे आपल्या गल्लीचे चार.

रात्री जेवताना अक्षयाने टॅबलेटवर चौघांची चित्रे दाखवली. नंदाताईंनी मुलगी पाहायला आलेल्यांकडे पाहावे तसे एकेकाला निरखले.

“यातला पहिला कोण?”

“वॉशिंग्टन. त्याचा दात सगळा खोटा होता, आजी.”

“म्हणजे कामापुरतं बोलत असणार. त्याला पहिला नंबर द्या. आणि हा वाळका?”

“लिंकन. त्याने स्लेव्हरी बंद केला.”

“घरी वेळेवर जेवला असता तर आणखी काय काय केलं असतं. दुसरा. हा चष्मेवाला?”

“आई, तू राष्ट्राध्यक्ष निवडतेयस की भाडेकरू?” पुष्करने विचारले.

“भाडेकरू निवडायला जास्त अक्कल लागते,” नंदाताई म्हणाल्या. “तुझ्या वडिलांनी निवडले होते, त्यांना घराबाहेर काढताना मलाच पदर खोचावा लागला होता.”

रविवारी डॉसनबाईंच्या घरामागच्या काचेच्या खोलीत काम सुरू झाले. हॉलमधली एक जुनी मेजफळी, तिच्यावर खोकी, विटा, ओले गोणपाट आणि त्यावर माती, असा रीतसर पाया नंदाताईंनी घातला. माती त्यांनी एका मोठ्या टबात स्वतः भिजवली आणि भिजवताना तीत दोन मुठी अळीव मिसळले. किल्ल्यावर हिरवळ हवीच. अळीव वरून भुरभुरले तर चिमण्या खातात, म्हणून ते मातीतच कालवायचे, ही अंबूताईंची पद्धत होती. त्यात आता कुणाला विचारायचे काही नव्हते.

“आई, अळीव डोंगरापुरतेच ना?” नीनाने जाता जाता विचारले.

“मला शिकवू नकोस.”

अक्षयाने चित्रे समोर ठेवून चेहरे केले. मुलीचा हात चांगला होता. वॉशिंग्टनचा मिटलेला ओठ, लिंकनचे खोल गाल, रूझवेल्टचा तारेचा चष्मा, फ्रँकलिनचे टक्कल आणि मानेवर रुळणारे केस, सगळे हुबेहूब उतरले. नाके नंदाताईंनी लावली, कारण नाक हे पोराटोरांवर सोपवायचे काम नव्हे. डॉसनबाई दोन्ही हात छातीशी धरून पाहत राहिल्या. चेहऱ्यांची माती त्याच टबातली होती, ही गोष्ट त्या आनंदात कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या आठवड्यात लंडनमध्ये ऊन कडक पडले. माती तडकेल म्हणून डॉसनबाई रोज सकाळी डोंगरावर पाणी शिंपडत. दुपारी शाळेतून येताना अक्षया शिंपडे. संध्याकाळी नंदाताई स्वतः कुंपणातून जाऊन शिंपडत, कारण दुसऱ्या कुणाच्या लक्षात राहील यावर त्यांचा भरवसा नव्हता. काच, ऊन, पाणी आणि अळीव यांचे एकमत व्हायला वेळ लागत नाही.

बुधवारी अक्षया धापा टाकत आली.

“आजी, प्रेसिडेंट्सना केस आले.”

“कुठे?”

“सगळीकडे.”

नंदाताई जाऊन पाहतात तो खरेच. वॉशिंग्टन गालांपासून कपाळापर्यंत हिरवा होऊन हिमालयातून नुकताच उतरलेला बैरागी दिसत होता. रूझवेल्टच्या चष्म्यातून झुडूप बाहेर पडले होते. फ्रँकलिनच्या टकलावर असे दाट जावळ आले होते की त्याच्या आईने पाहिले असते तर दृष्ट काढली असती. फक्त लिंकनला दाढी शोभत होती, पण ती त्याच्या डोळ्यांतही होती.

“आई, टबातली माती,” नीना मागून हळूच म्हणाली.

“मला दिसतंय,” नंदाताई म्हणाल्या. “किल्ला जिवंत आहे एवढंच. कात्री आण.”

कात्रीने उंच केस गेले, पण खुंट राहिले. मग पुष्करचे दाढीचे मशीन आणले. ते लिंकनच्या डाव्या गालापर्यंत चालले आणि माती खाऊन कायमचे गप्प झाले.

“माझं ॲनिव्हर्सरीचं गिफ्ट होतं ते,” पुष्कर म्हणाला.

“देशासाठी गेलं,” नंदाताई म्हणाल्या.

“कुणाच्या देशासाठी?”

नंदाताईंनी वस्तरा मागितला आणि पहिल्याच हाताला वॉशिंग्टनचे नाक खाली आले.

“आजी, तो नाक पडला.”

ओली माती आता नाक धरीना. नंदाताईंनी घट्ट कणीक मळून नवे नाक लावले आणि ते वाळावे म्हणून काचेचे दार उघडे ठेवले. एजवेअरच्या खारींना कणकेचा वास लांबून येतो. नंदाताई आणि डॉसनबाई चहा घेऊन परत आल्या तेव्हा एक खार वॉशिंग्टनच्या खांद्यावर बसून त्याच्या नाकाचा शेवटचा घास शांतपणे संपवत होती.

डॉसनबाई खुर्चीत बसल्या. क्षणभर त्या रडणार असे वाटले. मग टोपलीत पडलेल्या हिरव्या दाढ्यांकडे त्यांचे लक्ष गेले.

“नंदा, हे क्रेस आहे. हे टाकायचं नसतं. उकडलेल्या अंड्याबरोबर याचं सँडविच होतं.”

“आमच्याकडे याचे लाडू बाळंतिणीला देतात.”

“मग शनिवारी हे खाणारे लोक ताकदीचे निघतील,” डॉसनबाई म्हणाल्या आणि दोघी त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

चेहरे आता ओळखू येण्यातले उरले नव्हते. शनिवारपर्यंत दाढ्या पुन्हा वाढणार, हेही उघड होते. तेव्हा प्रत्येकाखाली नावाची पाटी लावावी, असे नंदाताईंनी फर्मावले. डॉसनबाईंनी आपल्या वळणदार अक्षरांत चार पाट्या लिहिल्या, चौघांच्याही नावामागे ‘राष्ट्राध्यक्ष’ असे ठळक लिहिले, आणि त्या ओल्या मातीत खोचल्या. शुक्रवारपर्यंत अळिवाच्या मुळांनी त्या अशा धरून ठेवल्या की जणू दगडात कोरल्या होत्या.

शनिवारी हॉल माणसांनी भरून गेला. मेजावर अंड्याची आणि कापलेल्या दाढ्यांची सँडविचेस होती आणि मधोमध हिरवागार डोंगर होता. मुले त्याच्याभोवतून हलेनात. अंड्याच्या टरफलात क्रेस रुजवून त्याला केस म्हणायचा खेळ इथले प्रत्येक मूल खेळलेले असते. त्यांना वाटले, हे त्यांच्याचसाठी एवढे मोठे केले आहे. डॉसनबाई निळा झगा घालून दाराशी उभ्या होत्या आणि किल्ल्यांची पर्स त्यांच्या कोपराला होती. सहा हिवाळ्यांत नंदाताईंनी त्यांना इतके खूश पाहिले नव्हते.

तेवढ्यात अक्षयाने बाही ओढली. तिच्या हातात फोन होता.

“आजी, मी आत्ता वाचला. फ्रँकलिन प्रेसिडेंट नव्हताच. कधीच नव्हता.”

“काहीतरीच. नोटेवर आहे तो.”

“हो, पण त्याने पतंग उडवला, वीज शोधला, इथे लंडनमध्ये खूप वर्षं राहिला. प्रेसिडेंट नाही झाला.”

“पतंग उडवून शंभराच्या नोटेवर?”

“हो.”

नंदाताईंनी दाराकडे पाहिले. पाटीवरचे अक्षर डॉसनबाईंचे होते आणि ते गल्लीत सगळे ओळखत.

“कुणाला सांगितलंस?”

“फक्त तुला.”

“आता कुणाला सांगू नकोस. माझी पर्स धर.”

त्या डोंगराकडे गेल्या आणि चौथी पाटी धरून ओढू लागल्या. पाटी हलेना. अंबूताईंच्या पद्धतीने कालवलेले अळीव आपले काम चोख करीत होते. दुसऱ्या झटक्याला सगळा फ्रँकलिन पुढे झुकला, आणि त्याला एका हाताने सावरत असतानाच पाठीमागून आवाज आला.

“एक मिनिट. सर्वांनी जरा इकडे लक्ष द्या.”

मिस्टर क्रॉली आले होते. समारोपाचे भाषण त्यांचे होते आणि त्यासाठी त्यांनी वाचनालयातून एक पातळ पुस्तक आणले होते. ते उघडून त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

“या पुस्तकात अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष ओळीने आहेत. मी दोनदा पाहिलं. फ्रँकलिन यांत नाहीत. ते राष्ट्राध्यक्ष कधी झालेच नाहीत.” ते पाटीजवळ वाकले. “अक्षर ओळखीचं आहे. विनिफ्रेड, गोष्टी लक्षात राहण्याबद्दल आपलं बोलणं झालं होतं.”

डॉसनबाईंचा चेहरा उतरला आणि हात आपोआप पर्सवर गेला. त्या काही बोलायला तोंड उघडत होत्या, पण शब्द येत नव्हता. सहा वर्षांपूर्वी वॉटफर्डच्या थांब्यावर एक बाई अशाच ताठ आणि अशाच मुक्या उभ्या होत्या.

नंदाताईंनी फ्रँकलिनला सोडले, हात पदराला पुसले आणि पुढे झाल्या. त्यांचे इंग्रजी बेताचे होते, पण आवाज मिरजेच्या चौकातून सांगली रस्त्यापर्यंत पोहोचणारा होता.

“पाटी त्यांनी लिहिली. नाव मी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “डोंगर माझा आहे. त्यांनी मला विचारलं, नंदा, चौथा कोण? मी म्हटलं, फ्रँकलिन. मी ठासून सांगितलं, म्हणून त्यांनी लिहिलं.”

“पण तुम्ही असं का सांगितलंत?” क्रॉलींनी विचारले.

पुष्कर सँडविच तोंडाशी नेऊन थांबला. नीनाने त्याचा दंड धरला. दोघांनाही ठाऊक होते की आता काहीतरी ठाम, भव्य आणि चुकीचे ऐकायला मिळणार. नंदाताईंच्या डोळ्यांपुढून पळी घेतलेल्या गोदावरीबाई गेल्या, ओव्याची बरणी घेतलेल्या अंबूताई गेल्या, खडू घेतलेली आई गेली. तिघींनीही मान फिरवल्यासारखे वाटले.

“कारण मला माहीत नव्हतं,” नंदाताई म्हणाल्या. “चूक सर्वस्वी माझी.”

दाराशी डॉसनबाईंनी एकदम मान वर केली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते.

नंदाताई एवढ्यावरच थांबल्या. पण बोलणे संपल्यावर त्यांनी क्रॉलींच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले आणि ते तसेच ठेवले. त्या नजरेत हॉलसमोरच्या दोन घडीच्या खुर्च्या होत्या, तो शनिवार होता, आणि छाती काढून उभा राहिलेला एक गृहस्थ होता. क्रॉलींना तो हळूहळू दिसू लागला असावा. त्यांचे कान तांबडे झाले. त्यांनी पुस्तक मिटले आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

“तशी, अं, कुणाकडूनही होण्यासारखी चूक आहे,” ते म्हणाले.

“मलासुद्धा तो राष्ट्राध्यक्षच वाटायचा,” कुणीतरी मागून म्हणाले.

“मलाही,” आणखी कुणी म्हणाले. मग रमणिकभाईंनी हात वर केला, मग कुत्रेवाल्या तरुणाने, आणि पाहता पाहता अर्धा हॉल खुशीने कबूल करू लागला की आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. कोण पहिला, कोण तिसरा, दोन रूझवेल्टांत नाते काय, असे एकमेकांना विचारणे सुरू झाले. क्रॉलींचे पातळ पुस्तक हातोहात फिरू लागले. त्या संध्याकाळी गल्लीत अमेरिकेचा इतिहास जेवढा वाचला गेला, तेवढा पाटी बरोबर असती तर खासच वाचला गेला नसता. चर्चिलवाले गृहस्थ मात्र आपल्या मतावर कायम होते.

फ्रँकलिनचे काय करायचे, असे कुणीतरी विचारले. अक्षया म्हणाली, तो इथे लंडनमध्ये राहिला होता ना, मग तो आपला शेजारी, शेजारी म्हणून राहू दे. तिने पाटीवरचे ‘राष्ट्राध्यक्ष’ खोडून त्याजागी ‘शेजारी’ लिहिले. सँडविचेस तासाभरात संपली. क्रॉलींनी चार खाल्ली आणि आकडे दाबायच्या कुलपाचा विषय काढला नाही.

सगळे गेल्यावर डॉसनबाईंनी हॉलला आपल्या हाताने कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. हीटर बंद असल्याचे नंदाताईंनी आधीच पाहून घेतले होते, पण ते त्या बोलल्या नाहीत. पुष्कर, नीना आणि अक्षया पुढे चालत होते. या दोघी मागून सावकाश येत होत्या. नंदाताईंच्या हातात मातीची थापी होती.

“नंदा,” डॉसनबाई म्हणाल्या, “फ्रँकलिनचं नाव मी ठरवलं होतं. तुम्ही मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं.”

“असं? मला माहीत नाही,” नंदाताई म्हणाल्या. हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला काहीच त्रास पडला नाही.

डॉसनबाईंनी पर्स कोपरावर सावरली. मग म्हणाल्या, “चहा तसा साधाच होता हो त्या दिवशी.”

“पण गरम होता. आता फिटलं.”

“पूर्ण फिटलं,” डॉसनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नंदाताईंचा हात धरला.

बसथांब्याशी पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक गोरा तरुण भांबावून उभा होता. त्याचा फोन बंद पडलेला दिसत होता. दोन वयस्क स्त्रिया पाहून तो अदबीने पुढे आला.

“माफ करा, वॉटफर्डला जायची बस इथूनच मिळेल का?”

नंदाताईंची थापी आपोआप वर झाली. पुढे चाललेला पुष्कर घाबरून मागे वळला. सबंध एजवेअरमधला एकच रस्ता नंदाताईंना खात्रीने ठाऊक होता आणि देवाच्या कृपेने त्या पोराने तोच विचारला होता.

“इथून नाही. समोरच्या थांब्यावर उभा राहा,” त्या म्हणाल्या. “आणि गळ्याला काहीतरी गुंडाळ. तिथे वारा फार असतो.”

तो रस्ता ओलांडून गेला. बस आली. पाटीवर वॉटफर्डच होते. खिडकीतून त्याने हात हलवला, आणि गोदावरीबाईंनी जतला पाठवलेल्या त्या गोऱ्या अंमलदाराचेही देणे त्याच संध्याकाळी फिटले.